माझ्या वेळी तर नीट चालतो

१२ नोव्हेंबर

घरात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून ही डायरी काढली. निवृत्त झालो तेव्हा कारखान्यानं एक घड्याळ आणि ही डायरी दिली होती. घड्याळ केव्हाच बंद पडलं, डायरी कोरीच राहिली. वर्ष जुनं आहे, तारखा खोडून नव्या घालतो आहे.

बायको ताईकडे गेली त्याला पंधरवडा झाला. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. दुसऱ्या गावी एकटीच असते, झाडांची रोपं विकते. ती घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. बहिणीसाठी बहीण धावणारच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. टॅक्सी दाराशी उभी होती तेव्हा मी एवढंच विचारलं, "परत कधी येशील?" एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं चपलेचा पट्टा ओढत ती म्हणाली, "आधी तो गिझर नीट करा. मग माझ्या येण्याचं बघू."

म्हणजे अट स्पष्ट आहे. मला स्पष्ट अटी आवडतात. आयुष्यभर पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस होतो. पंखा लावायचा, डोळे मिटून ऐकायचं, जरा कुरकुर आली की लाल चिकटपट्टी लावून बाजूला. बायको चेष्टेनं म्हणायची, "मलाही लावा एक, कपाळावर." मी म्हणायचो, "तुझ्यासाठी रीळच आणावं लागेल." पूर्वी ती हसायची यावर.

तर दोष असा. आमचा गिझर गॅसवरचा, टाकी नसलेला. नळ सोडला की पाणी त्यातून धावतं, टकटक ठिणगी पडते, जाळ लागतो आणि पाणी वाहता वाहता तापतं. पाण्याला जोर नसेल तर जाळ लागत नाही, लागला तरी मध्येच विझतो. बायकोच्या आंघोळीला तो हमखास विझायचा. ती जायच्या आदल्या आठवड्यात डोक्याला शांपू लावलेला असताना विझला. ती टॉवेल गुंडाळून तशीच बाहेर आली, फेस कानांवरून ओघळत होता. मी पेपर वाचत होतो. म्हटलं, "माझ्या वेळी तर नीट चालतो. तुझी नळ सोडायची पद्धत चुकते." ती परत आत गेली आणि गार पाण्यानं डोकं धुतलं.

आजही माझ्या आंघोळीला चांगला चालला. धार बारीक आहे, पण पाणी कढत. माझ्या मानेला तसंच लागतं. दोष पकडायचा तर तो आधी दिसायला हवा, आणि मला तर तो दिसतच नाही.

१५ नोव्हेंबर

गिझरबरोबर आलेलं माहितीपत्रक सापडलं. त्यात लिहिलंय, पाणी कमी येत असेल तर सगळ्यात आधी आत येणाऱ्या पाण्याची जाळी साफ करा. गिझर मागच्या गॅलरीत उंचावर आहे. स्टुलावर चढलो, पाणी बंद केलं, पाना लावला. जाळी बोटाच्या पेराएवढी, आणि तिच्यात वाळू, गंजाचे कण, शिवाय कसलंसं हिरवट शेवाळ. जुन्या दातांच्या ब्रशनं घासली. ब्रश बायकोचा निघाला. आता नवा आणून ठेवायला हवा, आल्यावर लगेच लागेल.

संध्याकाळी फोन केला. सगळं सांगितलं, जाळी कशी काढली, तिच्यात काय काय होतं. बायको म्हणाली, "जेवलात का?" मी म्हटलं, "अगं, शेवाळसुद्धा होतं." ती म्हणाली, "बरं." मग ताईला औषध द्यायचं होतं म्हणून ठेवला.

धार किंचित सुधारली आहे. बोटभर होती, सव्वा बोट झाली असेल.

१९ नोव्हेंबर

आज गिझरवाला आला. घंटा वाजली आणि मी आतून ओरडलो, "आले हं!" हे बायकोचं. कोणीही येवो, स्वयंपाकघरातून आधी "आले हं" आणि मग पावलं. दार उघडलं तर गिझरवाला माझ्या मागे कोण बाई आहे ते बघत होता. मी काही खुलासा केला नाही.

या माणसाचं मी नाव ठेवलंय 'झालंच'. काहीही विचारा, "साहेब, झालंच म्हणून समजा." आधी म्हणाला गिझर जुना झाला, नवा घ्या. मी म्हटलं, दोष न शोधता वस्तू बदलायची असेल तर तपासनीस कशाला ठेवायचे? मग म्हणाला, आतल्या नळीत क्षार बसला असणार, धुऊन बघू. एका बादलीत औषधाचं पाणी, तिच्यात छोटा पंप, दोन रबरी नळ्या गिझरला जोडल्या आणि ते पाणी तासभर फिरवत बसला. पांढरा गाळ असा निघाला की बादलीचा तळ दिसेना. मधल्या वेळात त्यानं माझ्याकडून दोनदा चहा घेतला आणि विचारलं, "घरात कोणी नाही?"

मी म्हटलं, "गावाला गेली आहे. येईल आता."

"येतील येतील. झालंच म्हणून समजा."

मला बरं वाटलं, उगाच कशाला खोटं लिहू. जाताना मात्र त्यानं नळी इतकी ढिली जोडली की मला पुन्हा पाना घ्यावा लागला.

२० नोव्हेंबर

क्षार काढल्यानं जाळ आता पटकन लागतो. फोन करून कळवलं. मागून कोणीतरी हसत होतं, मग हॉर्न वाजला. विचारलं, रस्त्यावर आहेस का. म्हणाली, "अहो, मी स्कूटर शिकते आहे. ताईची पडूनच होती. आज पहिल्यांदा कोपऱ्यापर्यंत एकटी गेले."

या वयात स्कूटर! मी सांगितलं की वळताना आधी आरसा बघायचा, ब्रेक दोन्ही एकदम दाबायचे, आणि साडीचा पदर खोचून घ्यायचा. ती म्हणाली, "ड्रेस घालते इथे." तिच्याकडे ड्रेस आहेत हे मला माहीत नव्हतं.

बिचारी. ताईचं सगळं करायचं, वर तिची रोपं विकायची, बाजारात जायला स्कूटरही हाकायची. तिला कधी एकदा घरी येते असं झालं असणार. मला घाई करायला हवी.

२८ नोव्हेंबर

लिहिण्यासारखं काही घडलं नाही. थंडी वाढली. ताई काठी घेऊन चालू लागली म्हणे. मी म्हटलं, "वा, मग आता?" बायको म्हणाली, "आता तिला जिना शिकवायचा."

काल कपाटात रुमाल शोधताना तिची जुनी साडी हाताला लागली. तिला तिचा वास होता, खोबरेल तेल आणि साबण. मी कपाटाशी उभा राहिलो तो दूध उतू जाईपर्यंत. तिची फार आठवण येते. हे इथे लिहिता येतं, फोनवर मात्र तोंडातून जाळी आणि क्षारच बाहेर पडतो.

३ डिसेंबर

दोष सापडला! निदान दिसला तरी.

ती गेल्यापासून सकाळची कामं माझ्या अंगावर आहेत, आणि मी ती आजवर आंघोळीनंतर करत आलो. आज म्हटलं, घाम येईल, आधी कामं उरकून घेऊ. केर काढला, फरशी पुसली, रात्रीची भांडी घासली, कपडे भिजवून पिळले, गॅलरीत वाळत घातले. मग कणीक मळताना फोन आला तो विम्याचा निघाला. सगळं होईपर्यंत सूर्य डोक्याकडे आला. कंबर मोडली होती. वाटलं, आता छान कढत पाणी घेऊ.

अंगभर साबण लावला आणि जाळ विझला. नळ बंद केला, उघडला, टकटक झालं, लागला, पुन्हा विझला. पाणी गार, धार दोऱ्यासारखी. डोळ्यांत साबण. मी भिंतीला धरून उभा, आणि गंमत म्हणजे ओरडलो कोणाच्या नावानं, तर तिच्याच. "अगं, बघ जरा!" घरात कोणी नव्हतं.

गार पाण्यानं उरकलं. दात वाजत होते. कोरडा झाल्यावर डोकं चाललं. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी बरोबर डोक्यावर. पहाटे टाकी भरते तेव्हा मी आंघोळ करतो, पाण्याला जोर असतो. मग खालचे सगळे मजले पाणी ओढतात, टाकी अर्धी होते, आमच्याकडचा जोर जातो. माझ्या वेळी गिझर चालतो आणि तिच्या वेळी चालत नाही, याला कारण तिची नळ सोडायची पद्धत नव्हे. कारण तिची वेळ. आणि तिची वेळ तीच का, तर आधी केर, फरशी, भांडी, कपडे.

लगेच फोन लावला. पातळी, जोर, सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मी सांगत होते की."

"तू फक्त विझतो म्हणायचीस. कधी विझतो ते नाही सांगितलंस."

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "जाऊ दे. गरम काहीतरी प्या आता, सर्दी होईल."

सर्दी झालीच आहे. पण तिनं काळजी केली म्हणून बरं वाटतंय.

७ डिसेंबर

टाकीची पातळी वाढवणं माझ्या हातात नाही. सोसायटीच्या अध्यक्षांना विचारलं तर ते म्हणाले, पुढच्या सभेत मांडू. ते गेली कित्येक वर्षं सगळंच पुढच्या सभेत मांडतात. म्हणून ठरवलं, टाकीपासून गिझरपर्यंतचा प्रत्येक सांधा तपासायचा. कारखान्यात असंच करायचो. आवाज कुठून येतो ते कळेना तर विजेच्या पिनेपासून सुरुवात.

गिझरच्या मागे भिंतीलगत पितळी कॉक आहे. गिझरला जाणारं पाणी तिथून सुटतं. रोजची उघडझाप करायला दुसरा कॉक खाली आहे, त्यामुळे या मागच्याकडे कोणाचं लक्ष जायचं कारण नाही. हात घातला, तोंड भिंतीला टेकलं, बोटांनी चाचपलं. दांडी तिरकी. म्हणजे कॉक अर्ध्याहून अधिक बंद!

माझा संताप झाला. झालंच आला, बादलीभर औषध फिरवलं, पैसे घेऊन गेला आणि याला अर्धा बंद कॉक दिसला नाही. दांडी घट्ट होती. फडकं गुंडाळून जोर लावला, सरळ केली. मग मुद्दाम बायकोच्या वेळेपर्यंत थांबलो. मुद्दाम केर, फरशी, भांडी, कपडे, सगळं केलं. मग नळ सोडला.

धो धो! शॉवरचं तोंड मी वर धरलं होतं, पाणी छताला लागलं. जाळ भक्कन लागला आणि विझेना. मी न्हाणीघरात कपड्यांसकट भिजलो आणि एकटाच हसत सुटलो.

फोन लावला. "सापडला! मागचा कॉक कुठल्या गाढवानं अर्धा बंद करून ठेवला होता!"

पलीकडे ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, पण त्या हसण्याचा अर्थ मला नीट लावता आला नाही. म्हणाली, "आता तुम्हाला पाणी कोमट येईल बघा."

९ डिसेंबर

पाणी कोमटच येतंय. धार जोरात, पण ऊब नाही. दोन दिवस मान धरली आहे, डावीकडे वळत नाही. गिझरचा आकडा सगळ्यात वर केला, उपयोग शून्य. झालंचला फोन केला तर म्हणाला, "म्हटलं होतं ना साहेब, नवा घ्या."

बायकोला विचारलं, तुला आधीच कसं कळलं?

ती म्हणाली, "थंडीत पाणी मुळातच गार येतं ना. जास्त सोडलं की तेवढ्या वेळात ते तापत नाही. कमी सोडलं की कढत येतं. तुमच्या मानेला कढत लागतं. म्हणून थंडी सुरू झाली की मी तो कॉक मुरडते आणि उन्हाळा आला की सोडते."

"म्हणजे दर वर्षी?"

"दर वर्षी."

"आणि मग तुझ्या आंघोळीचं?"

"भागवते की. कधी विझतो, कधी नाही. रोज रोज त्या स्टुलावर कोण चढणार? माझा हात पुरत नाही तिथे, टाचा उचलाव्या लागतात." मग म्हणाली, "यंदा जास्तच विझत होता. क्षार असणार, तुम्ही म्हणता तसा."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

त्यावर ती म्हणाली, "ताई हाक मारते आहे." ताईचा आवाज मला तरी ऐकू आला नाही.

संध्याकाळी गॅलरीत जाऊन ते स्टूल बघितलं. एक पाय आखूड आहे, डुगडुगतं. त्यावर ती टाचा उंचावून, गाल भिंतीला लावून उभी राहते आणि मी आत पेपर वाचतो. किती हिवाळे, कोण जाणे. मी स्टुलाच्या त्या पायाखाली लाकडाची चकती ठोकून ते पक्कं केलं.

१० डिसेंबर

सकाळी डोकं ताळ्यावर आलं. झालं ते झालं. मुद्दा असा की तिची अट पुरी झाली. कॉक पूर्ण उघडा आहे, तिच्या वेळी जाळ विझत नाही, माझी मान माझी मी बघेन. मी तिला तसं सांगितलं. म्हटलं, "गिझर नीट झाला. आता ये."

ती म्हणाली, "गिझरचा आणि माझ्या येण्याचा काय संबंध?"

मी आठवण करून दिली. टॅक्सी, पिशवी, चपलेचा पट्टा, तिचं वाक्य जसंच्या तसं.

"मी असं म्हणाले होते?" तिनं विचारलं. खरंच विचारलं, चेष्टेनं नव्हे. तिला ते आठवतसुद्धा नाही.

मग तीच म्हणाली, "शनिवारी येते. एक दिवस. माझे गरम कपडे न्यायचे आहेत, इथे फार गारठा आहे."

शनिवारी येते आहे! एक दिवस म्हणते, पण घर बघितलं, पाणी बघितलं, की मन बदलेल. मी तिला ओळखतो.

१३ डिसेंबर, शनिवार

आली.

दारात बघितलं आणि क्षणभर दुसरीच कोणीतरी वाटली. केस खांद्यापर्यंत कापलेत. हात उन्हानं रापलेत, नखांत माती. छान दिसत होती. मी म्हटलं, "प्रवासात त्रास नाही ना झाला?" केसांचं बोलायचं होतं ते राहून गेलं.

फरशी चकचकीत होती. तिनं सगळीकडे बघितलं, म्हणाली, "बरं ठेवलंय हो घर." मी तिच्यासाठी नवा ब्रश, नवा टॉवेल, शांपूची मोठी बाटली काढून ठेवली होती. मुद्दाम सांगितलं, आता तुझ्या वेळेलाच जा आणि पाहिजे तेवढा वेळ घे. तिनं माझ्याकडे बघितलं, मग टॉवेल घेऊन आत गेली.

मी बाहेर खुर्ची घेऊन बसलो. पाणी धो धो पडत होतं. एकदाही टकटक झालं नाही, एकदाही खंड पडला नाही. इतका वेळ आंघोळ करताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. पेपर हातात होता, पण मी ऐकतच बसलो. कारखान्यात एखादा पंखा असा लागायचा की त्याच्याजवळून उठवत नसे. मध्ये दोनदा वाटलं ती गुणगुणते आहे, पण पाण्याच्या आवाजात कळलं नाही.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल झाले होते. विचारलं तर म्हणाली, शांपू गेला. बाटली बदलायला हवी, तिखट दिसतो तो.

"पाणी कसं होतं?"

"छान होतं," ती म्हणाली. "फार छान होतं."

मी जिंकल्यासारखा हसलो.

दुपारी ती कपाट आवरायला बसली. स्वेटर, दोन शाली, मोजे. मग शिलाईचा डबा, उशी, तिचा तो काठाला निळी रेघ असलेला कप. ताईकडे कपांची तंगी असेल. पिशवीत मावेना, तेव्हा मी माळ्यावरची मोठी बॅग काढून दिली आणि सगळं नीट बसवून दिलं. उशी गुंडाळून दोरीनं आवळली की निम्मी जागा लागते, हे मी करून दाखवलं. ती बघत उभी होती. म्हणाली, "तुम्हाला फार चांगलं जमतं हे."

रात्री जेवताना ती ताईच्या रोपांबद्दल बोलली. कलम कसं बांधायचं, कुठल्या रोपाला सावली लागते, एक गिऱ्हाईक बाई फक्त हिच्याकडूनच घेते. मी एकदाही मध्ये बोललो नाही. तिनंच मध्ये थांबून विचारलं, "बरं आहे ना तुम्हाला?"

१४ डिसेंबर

गेली. दुपारच्या गाडीनं. मी म्हटलं, "राहिली असतीस अजून." ती म्हणाली, "सोमवारी रोपांची गाडी येते, ताईला वाकता येत नाही." खिडकीतून तिनं माझ्या मफलरचं टोक आत खोचलं आणि म्हणाली, "मान सांभाळा."

१५ डिसेंबर

आज पहाटे आंघोळीला गेलो, नळ सोडला आणि दचकलो. धार बारीक. आणि पाणी कढत, वाफ निघणारं.

गॅलरीत जाऊन बघितलं. स्टूल भिंतीला लागलेलं होतं. मागचा कॉक मुरडलेला, दांडी तिरकी, अगदी पूर्वीसारखी. काल मी टॅक्सी बघायला खाली गेलो तेव्हाच चढली असणार.

जाता जाता माझ्या मानेचं बघून गेली. किती काळजी. मी परत जाऊन त्या पाण्याखाली उभा राहिलो, मानेला फार बरं वाटलं. पण मग दिवसभर काही सुचेना. जेवण गेलं नाही. संध्याकाळी गॅलरीत जाऊन त्या दांडीकडे बघत बसलो. ती राहणार असती, तर तिनं ती मुरडली नसती. एवढंच डोक्यात फिरत होतं, आणि त्याच्या पुढे डोकं जाईना.

अंधार पडल्यावर स्टुलावर चढून कॉक पुन्हा पूर्ण उघडला.

२१ डिसेंबर

मान पार धरली आहे. कॉक उघडाच आहे. खालच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, वहिनी आल्या होत्या ना? म्हटलं, आल्या होत्या.

फोन मी केला नाही. सांगायला गिझरचं काही नाही. गिझर सोडून मी तिच्याशी शेवटचं कशाबद्दल बोललो होतो ते आठवत बसलो. तिचे केस छान दिसतात, हेही सांगायचं राहिलंय.

२२ डिसेंबर

केला. ती म्हणाली, "काय झालं? विझला का परत?"

मी म्हटलं, "नाही. गिझर ठीक आहे. तुझे केस छान दिसत होते."

तिनं नुसतं "हं" केलं.

मी म्हटलं, "घरात करमत नाही. तुझ्याशिवाय अजिबात करमत नाही. मी तिकडे येऊ का?"

ती म्हणाली, "इथे गिझर नाही. पाणी चुलीवर तापवावं लागतं."

"मी काही दुरुस्त करायला येत नाही."

पलीकडे कुंडी सरकवल्याचा आवाज आला. ती म्हणाली, "या." आणि लगेच, घाईघाईनं, "पण परतीचं तिकीट काढूनच या."

मी म्हटलं, "हो, काढतो." फोन ठेवल्यावर स्वतःला समजावलं, बरोबरच आहे तिचं, या दिवसांत आयत्या वेळी तिकीट मिळत नाही. मग दिवा न लावता बराच वेळ बसून राहिलो.

२३ डिसेंबर

आज तिकीट काढायला गेलो. रांगेत तासभर गेला. खिडकीवरच्या माणसानं जायची तारीख लिहिली, मग पेन माझ्याकडे रोखून विचारलं, "येताना?"

मी ठरवून गेलो होतो. दोन दिवस ठीक वाटतात, तिलाही ओझं नको. पण तारीख सांगता सांगता थांबलो. तिला काय हवं ते मी पुन्हा मनानंच ठरवत होतो. मी म्हटलं, "विचारून सांगतो." तो म्हणाला, "मग बाजूला व्हा." मागचे लोक कुरकुरले. मी बाजूला झालो आणि तिथेच भिंतीशी उभा राहून फोन लावला.

"परतीची कुठली तारीख घालू? तू सांग."

तिच्याकडे गिऱ्हाईक होतं. कोणीतरी एका रोपाची किंमत विचारत होतं. ती त्यांना म्हणाली, "एक मिनिट हं." मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही, फक्त तिचा श्वास. आजवर मी तिला काही विचारलं की उत्तराची वाट बघायचो नाही, आपणच सांगून टाकायचो. आज गप्प राहिलो.

"येत्या रविवारची घाला," ती म्हणाली.

"बरं."

"नाही, थांबा," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्या रविवारची घाला."

मी फोन ठेवला नाही. तिनंही फोन ठेवला नाही. पलीकडे कोणीतरी पुन्हा किंमत विचारत होतं आणि ती उत्तर देत नव्हती. रांग दारापर्यंत गेली होती. फोन तसाच कानाला धरून मी रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.